चव्वेचाळिसाव्या वर्षी नोकरी बदलताना: एका तांत्रिक चित्रकाराचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका तांत्रिक चित्रकार बाईंचं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. निर्णयांचा क्रम आणि त्यामागची कारणं मात्र घडली तशीच ठेवली आहेत. या काळात करिअर समुपदेशक म्हणून मी त्यांच्याशी नियमित बोलत होते, आणि त्यांच्या संमतीनेच हे लिहिते आहे.

तांत्रिक चित्रकाराचं काम बाहेरच्यांना फारसं ठाऊक नसतं. यंत्राबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत भाग सुटे करून, एका अक्षावर ओळीने मांडलेलं चित्र असतं. कोणता स्क्रू आधी सोडवायचा, झाकण कोणत्या बाजूने उचलायचं, वॉशरची कोणती बाजू आत जाते, हे सगळं त्या चित्रावरून कळायला हवं. वाचणाऱ्याच्या एका हातात पाना असतो आणि दुसरा हात यंत्राच्या आत, त्यामुळे त्याला परिच्छेद वाचायला सवड नसते. चित्र चुकलं तर कधी भाग तुटतो, कधी बोट जातं. या कामात नाव होत नाही, कारण चित्र उत्तम जमलं की ते कुणाच्या लक्षातच येत नाही.

यंत्रं बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत या बाईंनी सतरा वर्षं काढली. पहिली नऊ वर्षं त्यांनी स्वतः चित्रं काढली. काम चांगलं होतं म्हणून बढती मिळाली, आधी गटप्रमुख आणि पुढे विभागप्रमुख. त्यानंतर दिवस गेले ते वेळापत्रकं, अंदाजपत्रकं, भाषांतरांची तपासणी, सुरक्षासूचनांच्या शब्दांवरून कायदा विभागाशी होणारी वादावादी आणि वार्षिक मूल्यमापनं यांत. चित्र उत्तम काढतात म्हणून ज्यांना वर नेलं, त्यांना चित्र काढण्यापासून दूर नेलं गेलं. हे अनेक व्यवसायांत होतं. शिक्षक मुख्याध्यापक होतो, प्रोग्रामर मॅनेजर होतो. सगळेच त्यात दुःखी नसतात, काहींना ते मनापासून आवडतं. या बाईंना आवडत नव्हतं, पण आठ वर्षांत तसं म्हणायची वेळ आली नव्हती.

अडचण

कंपनीने पुस्तिकांचं काम बाहेरच्या एजन्सीकडे द्यायचं ठरवलं. कारण समजण्यासारखं होतं. यंत्राचा आराखडा आता पहिल्यापासून संगणकावर त्रिमितीत तयार असतो, आणि त्यातून सुट्या भागांचं चित्र सॉफ्टवेअरच काढून देतं. पूर्वी ज्या चित्राला चार दिवस लागत, ते दुपारच्या आत मिळू लागलं. विभाग बंद होणार होता. बाईंना पर्यायी पद देऊ केलं होतं, एजन्सींवर देखरेख करण्याचं. पगार तोच, दर्जा तोच, आणि निर्णयाला सहा आठवडे.

पहिल्या भेटीत त्या म्हणाल्या, "यंत्र माझं काम करू शकतं म्हणजे माझ्या कामात निर्मिती कधी नव्हतीच. आणि असलीच तर ती मी आठ वर्षांपूर्वी सोडून दिली."

या वाक्यात दोन वेगळे प्रश्न एकत्र आले होते. एक व्यवहाराचा, की पुढचा पगार कुठून येणार. दुसरा ओळखीचा, की मी कोण आहे आणि माझ्यात अजून काही शिल्लक आहे का. मधल्या वयात नोकरी बदलणाऱ्या बहुतेकांच्या बोलण्यात ही गुंतागुंत आढळते आणि तीच सर्वांत जास्त नुकसान करते, असं माझं मत आहे. ओळखीच्या प्रश्नाची घाई व्यवहाराच्या निर्णयात शिरते, आणि माणूस स्वतःला सिद्ध करण्यासाठी नोकरी निवडतो किंवा सोडतो.

व्यवहाराची बाजू अशी होती: घराच्या कर्जाची काही वर्षं बाकी, मुलगी कॉलेजात जाण्याच्या बेतात, नवऱ्याचं उत्पन्न अनियमित. बचतीवर सुमारे दहा महिने निघाले असते.

समोरचे पर्याय

देखरेखीचं पद स्वीकारणं हा पहिला. दुसऱ्या कंपनीत विभागप्रमुख म्हणून जाणं हा दुसरा. या दोन्हींवर आम्ही फार वेळ घालवला नाही. दुसऱ्या पर्यायात पगार वाढला असता, पण तेच विभाग तिथेही दोन-तीन वर्षांत बंद होणार हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

तिसरा पर्याय त्यांच्या मनात पक्का होता: नोकरी सोडायची आणि स्वतंत्र चित्रकार म्हणून काम करायचं. मुलांसाठी एक चित्रपुस्तक करायची त्यांची फार दिवसांची इच्छा होती, यंत्रं आतून कशी चालतात याबद्दलचं. त्याचबरोबर मिळतील ती चित्रांची कामं घ्यायची.

चौथा पर्याय त्यांच्या एका मैत्रिणीने सुचवला. डोक्याला त्रास न देणारी कोणतीही नोकरी धरायची आणि निर्मिती उरलेल्या वेळात करायची. या बाजूने नेहमी फ्रान्झ काफ्काचं उदाहरण दिलं जातं. प्रागच्या कामगार अपघात विमा संस्थेत तो १९०८ ते १९२२ नोकरीला होता, दुपारी दोनला सुटायचा आणि रात्री लिहायचा. पण हे उदाहरण अर्धंच सांगितलं जातं. ही विभागणी त्याला सुखाची नव्हती. कचेरी आपलं लेखन खाते, अशी तक्रार त्याच्या रोजनिशीत आणि पत्रांत पुन्हा पुन्हा येते. दुसरं म्हणजे कचेरीतलं त्याचं काम बिनडोक मुळीच नव्हतं. लाकूड रंधायच्या यंत्रांवर कामगारांची बोटं तुटत. फिरणारी पाती ज्यावर बसवतात त्या चौकोनी दंडाऐवजी गोल दंड बसवला तर हात कसा वाचतो, हे संस्थेच्या १९१० च्या सुमाराच्या अहवालात त्याने चित्रांसह मांडलं आहे. बाईंना हे सांगितल्यावर त्या बराच वेळ त्या अहवालाबद्दलच विचारत राहिल्या. चित्रं कोणत्या कोनातून आहेत? हात दाखवला आहे का? जखम दाखवली आहे की फक्त दंड? काफ्काच्या साहित्याबद्दल त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. हे मी नोंदवून ठेवलं.

पाचवा पर्याय, म्हणजे लहान संस्थेत खालच्या पदावर प्रत्यक्ष काम करणं, तेव्हा यादीत होता, पण त्याकडे त्या बघत नव्हत्या. "इतक्या वर्षांनी पुन्हा टेबलावर?" एवढंच म्हणून तो बाजूला पडला.

काय केलं

पहिलं पाऊल लहान होतं. उरलेल्या आठवड्यांत रोज संध्याकाळी दोन ओळी लिहायच्या: आज घड्याळाचं भान कधी सुटलं, आणि आज मन कधी बसलं. यामागे आधार होता. मानसशास्त्रज्ञ टेरेसा अमाबिले आणि सहकाऱ्यांनी सात कंपन्यांतल्या २३८ जणांच्या रोजच्या नोंदी गोळा केल्या होत्या, जवळपास १२ हजार. त्यांत दिसलं की ज्या दिवशी अर्थपूर्ण कामात थोडी तरी प्रगती होते, त्या दिवशी माणसाचं मन सर्वांत चांगलं असतं. बाकी सगळं त्यानंतर येतं. म्हणून "मला काय आवडतं?" असं थेट विचारण्यापेक्षा दिवस तपासणं बरं.

नोंदींत वेळापत्रकं आणि मूल्यमापनं मन बसवणारी निघाली, ते अपेक्षितच होतं. घड्याळाचं भान सुटल्याच्या नोंदी थोड्याच होत्या, आणि त्यांतली सर्वांत लांब नोंद एका एजन्सीबरोबरच्या मीटिंगची होती. पंपाचं सील बदलण्याची पायरी दाखवत असताना बाईंनी विचारलं होतं, "तंत्रज्ञाचा हात आत कुठून जातो?" उत्तर कुणालाच माहीत नव्हतं. सगळे उठून यंत्रापाशी गेले. चित्रातला क्रम पाळला तर मनगट अडकतं, हे लक्षात आलं, आणि सात पायऱ्यांचा क्रम तिथेच बदलला. बाईंनी ही नोंद लिहिली आणि पुढे गेल्या. ती मीटिंगमध्ये घडली होती म्हणून त्यांच्या लेखी ते "ऑफिसचं काम" होतं. घरी सुट्टीच्या दिवशी काढलेल्या एका स्केचखाली मात्र त्यांनी "हे खरं" असं लिहिलं होतं.

पहिला मोठा निर्णय इथे झाला. त्यांनी देखरेखीचं पद नाकारलं, भरपाईची रक्कम घेतली आणि तिसरा पर्याय धरला.

पुढचे पाच महिने कोरडे गेले. घरात एक खोली रिकामी केली, टेबल आलं, सकाळ मोकळी झाली. वेळ भरपूर होता. चित्रपुस्तकाची पानं सुरू व्हायची आणि अर्ध्यावर थांबायची. रेषा सुरेख होती, मी ती पानं पाहिली आहेत. पण प्रत्येक पान कुणालाच काही सांगत नसल्यासारखं होतं. बाहेरून आलेली कामं सजावटीची होती, एका माहितीपत्रकाचं मुखपृष्ठ आणि काही आयकॉन. दर महिन्याला बचत कमी होताना दिसत होती, त्यामुळे प्रत्येक स्केचला एकच प्रश्न विचारला जाऊ लागला: हे विकलं जाईल का?

मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा १९७३ चा एक प्रयोग आहे. चित्र काढायला आवडणाऱ्या लहान मुलांपैकी काहींना चित्रासाठी बक्षीस देण्याचं आधी कबूल केलं, आणि दिलं. पुढे मोकळ्या वेळेत ही मुलं आपणहून कमी वेळ चित्र काढताना दिसली. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं किंवा मिळालंच नाही, त्यांच्यात अशी घट दिसली नाही. पोट भरण्यासाठी काम करणाऱ्या प्रौढ माणसावर हा प्रयोग जसाच्या तसा लावू नये, मेहनतान्याने निर्मिती मरते असा त्याचा अर्थ नाही. पण आवडीच्या गोष्टीवर घराचा सगळा भार एकदम टाकला की त्या गोष्टीकडे पाहण्याची नजर बदलते, हे या पाच महिन्यांत स्पष्ट दिसलं.

मोकळ्या वेळेबद्दलही बोललं पाहिजे. नोकरीतले लोक म्हणतात, वेळ मिळाला असता तर मी काहीतरी केलं असतं. वेळ लागतो हे खरंच आहे. पण या बाईंकडे वेळ होता, आणि जे नव्हतं ते वेगळं होतं: मर्यादा नव्हती, आणि पलीकडे वाट पाहणारा माणूस नव्हता. त्यांच्या चित्राला सतरा वर्षं कुणाचा तरी हात समोर होता. आता पान पांढरं होतं आणि ते वाचणारं मूल कुठेच दिसत नव्हतं.

सहाव्या महिन्यात एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. घरी वापरायची वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या एका लहान संस्थेला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरची पुस्तिका नव्याने करायची होती. पानं मोजकी, रंग दोन, मुदत जवळची. वाचणारे म्हणजे रुग्णांचे नातेवाईक, त्यांतले बरेच वाचनाची सवय नसलेले. बाईंनी एकच अट घातली: चित्राला हात लावण्याआधी जुनी पुस्तिका हातात घेऊन काही माणसांना यंत्र सुरू करताना बघायचं.

या यंत्राला एक उभी काचेसारखी नळी असते. तिच्यात एक गोळी हवेच्या जोरावर वरखाली होते, आणि तिच्यावरून मिनिटाला किती लिटर ऑक्सिजन जातो ते कळतं. गोळीचा मध्य रेषेवर हवा. यंत्र सुरू करून पाहणाऱ्यांपैकी काही जण गोळीचा वरचा काठ वाचत होते, काही उभ्याने, वरून तिरकं पाहत होते. जुन्या पुस्तिकेत योग्य सूचना होती, पण आतल्या पानावर, वाक्यात. चित्रात संपूर्ण यंत्र दाखवलेलं, आणि त्यात गोळी म्हणजे एक ठिपका. बाईंनी नळीला पूर्ण पान दिलं. डोळा नळीच्या पातळीवर, गोळीच्या मध्यातून जाणारी रेषा, शेजारी चुकीच्या दोन रीती लहान आकारात. क्रमही उलटवला. धोक्याच्या सूचनांची चार पानं सुरुवातीला एकगठ्ठा होती. त्यांपैकी आगीपासून आणि धूम्रपानापासून दूर ठेवण्याची सूचना पुढे ठेवली आणि बाकीच्या ज्या त्या कृतीशेजारी नेल्या.

अंतिम चित्रं त्यांनी काढली नाहीत. संस्थेतल्या एका तरुण चित्रकाराने बाईंच्या पेन्सिलच्या कच्च्या खुणांवरून ती संगणकावर पूर्ण केली. त्या संध्याकाळी बाईंचा फोन आला. आवाज वेगळाच होता. "एकही रेषा माझी नाही त्यात, आणि तरी ते माझंच आहे. हे कसं?"

पुढच्या भेटीत आम्ही जुन्या नोंदी पुन्हा काढल्या आणि पंपाच्या सीलची नोंद शेजारी ठेवली. दोन्हीकडे काम तेच होतं: तज्ज्ञाला जे माहीत आहे ते आणि वापरणाऱ्याच्या हाताला जे हवं आहे ते, यांच्यामध्ये उभं राहून काय दाखवायचं, काय गाळायचं, कोणत्या क्रमाने, हे ठरवणं. सॉफ्टवेअर भाग सुटे करून देतं, पण मनगट अडकेल हे त्याला कळत नाही.

या कामाला इतिहास आहे. १९२५ मध्ये समाजशास्त्रज्ञ ओटो नॉयराथ यांनी व्हिएन्नात सुरू केलेल्या संग्रहालयात आकडेवारी चित्रांतून मांडली जाई. पुढे ती पद्धत आयसोटाइप म्हणून ओळखली गेली. चिन्हं गेर्ड आर्न्ट्झ यांच्यासारखे चित्रकार काढत. पण तज्ज्ञ आणि चित्रकार यांच्यामध्ये एक स्वतंत्र भूमिका होती, आणि ती मारी राइडेमाइस्टर, नंतरच्या मारी नॉयराथ, करत. माहितीतून नेमकं काय आणि कसं दाखवायचं, हे त्या ठरवत. १९४५ मध्ये ओटो गेल्यावर, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी काम पुढे नेलं आणि मुलांसाठी विज्ञानाची कितीतरी चित्रपुस्तकं केली. बाईंना आपल्या कामाला पूर्वज आहे हे पहिल्यांदाच कळत होतं. सतरा वर्षं त्या स्वतःला रेषेवरून जोखत आल्या होत्या, आणि त्यांची निर्मिती रेषेच्या आधीच होऊन जात होती.

दुसरा मोठा निर्णय इथून सोपा झाला. त्याच संस्थेने त्यांना घ्यायची तयारी दाखवली: पद खालचं, आठवड्याला चार दिवस, आणि मिळकत आधीच्या पगारापेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने कमी. यादीतला हाच तो पाचवा पर्याय, ज्याकडे त्यांनी बघितलं नव्हतं. होकार देताना त्यांनी दोन गोष्टी लेखी मागितल्या: प्रत्येक पुस्तिकेआधी वापरणाऱ्यांना प्रत्यक्ष पाहण्याचा वेळ, आणि माणसांच्या व्यवस्थापनापासून मोकळीक. पहिली पूर्ण मान्य झाली, दुसरी एका वर्षापुरती.

काय झालं

दीड वर्ष झालं आहे. पुस्तिकेच्या दुसऱ्या चाचणीत गोळी वाचण्यात बहुतेकांना अडचण आली नाही. ओलावा देणाऱ्या पाण्याच्या बाटलीचं झाकण मात्र पुन्हा अडलं, आणि त्याचं चित्र तिसऱ्यांदा बदललं गेलं. हे सांगताना बाई खुलतात.

सगळं सुरळीत नाही. त्यांच्या वरिष्ठ वयाने बऱ्याच लहान आहेत, आणि मीटिंगची सूत्रं हातात घ्यायची जुनी सवय बाईंना दोन-तीनदा नडली. व्यवसायातल्या ओळखीच्या लोकांना पद सांगताना अजून जड जातं. कर्जाची मुदत वाढवावी लागली. पाचवा दिवस चित्रपुस्तकाचा असतो. ते अजून निम्मंही झालेलं नाही, पण आता त्या प्रत्येक कच्चं पान ओळखीच्या मुलांपुढे ठेवतात आणि बोट कुठे थांबतं ते बघतात. पानं पुन्हा हलू लागली आहेत, त्यामागे मला हेच कारण दिसतं.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत महाग पडले ते पाच महिने. निम्मी बचत त्यांत गेली. ते टाळता आले असते का? माझ्या मते बऱ्याच अंशी हो. देखरेखीचं पद कायमचं न घेता तीन-चार महिन्यांच्या हस्तांतरणापुरतं, अर्धवेळ मागता आलं असतं. एजन्सीला माहितगार माणसाची गरज होती, त्यामुळे कंपनीने ते नाकारलंच असतं असं नाही. बाईंनी विचारलं नाही, कारण तेव्हा राग होता. राग योग्य होता, पण त्याच्या भरात दोनच दारं दिसली, राहायचं किंवा निघायचं.

स्वतंत्र कामाचा प्रयोगही आधी लहान करता आला असता: एक पान, एक ठरलेला वाचक, एक तारीख. खोली रिकामी करण्याआधी हे झालं असतं तर पांढऱ्या पानाची अडचण महिनाभरात कळली असती.

नोंदी ज्याने लिहिल्या त्यानेच वाचणं पुरेसं नसतं. आवडीचं काम कुठे असायला हवं याची समजूत आधीच पक्की असते, आणि नोंद त्या जागी सापडली नाही तर ती डोळ्यांसमोर असूनही निसटते. एखाद्या जुन्या सहकाऱ्याला ती पानं दाखवली असती, तर पंपाच्या सीलची गोष्ट तेव्हाच वर आली असती, असं बाईंना आता वाटतं.

घरी पैशांचे आकडे तिसऱ्या महिन्यात सांगितले गेले. मुलीने त्यावर काढलेला मार्ग, कॉलेजच्या पहिल्या वर्षी घरूनच जाण्याचा, आधी कळला असता तर प्रत्येक स्केचवरचा भार काही अंशी कमी झाला असता.

आणि एक निर्णयाची जागा फार मागे आहे, आठ वर्षांपूर्वीच्या बढतीची. काही कंपन्यांत वर जायच्या दोन वाटा असतात, एक व्यवस्थापनाची आणि एक कौशल्याची. दुसऱ्या वाटेवर माणूस दर्जा आणि पगार वाढवून घेत आपलंच काम करत राहतो. बाईंच्या कंपनीत इंजिनिअरांसाठी अशी वाट होती, पुस्तिका विभागासाठी नव्हती, आणि ती असावी अशी मागणी कुणी केली नव्हती. नव्या संस्थेत व्यवस्थापनापासूनची त्यांची मोकळीक संपत आली, तेव्हा बाईंनी त्या तरुण चित्रकाराला बरोबर घेऊन दोघांच्या कामासाठी अशी श्रेणी मागणारा प्रस्ताव दिला. त्यात पदाची कामं, मोजमाप आणि पगाराचे टप्पे लिहिलेले आहेत. संस्थेने तो पुढच्या अंदाजपत्रकापर्यंत विचारात ठेवला आहे.